बहिष्काराचा तास

पहिल्याच तासाला सरांनी आम्हाला गुडघ्यावर बसवलं. एकेकाला पुढं बोलवायचं, गुडघे टेकायला लावायचे, जोडलेले हात स्वतःच्या दोन हातांत धरायचे आणि म्हणायला लावायचं, "आजपासून मी तुमचा माणूस." बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा वर्ग होता तो. कुंभारीचा सिद्धाराम, जो बापापुढंही मान वाकवायचा नाही, तोसुद्धा मुकाट्यानं बसला आणि मुकाट्यानं म्हणाला. मग मुलींची पाळी आली. सर जरा थबकले. टेबलावरचं डस्टर उचललं आणि म्हणाले, एका बाजूनं तुम्ही धरा, दुसऱ्या बाजूनं मी धरतो. खडूनं पांढरा झालेला हात घेऊन मी जागेवर आले तेव्हा सर वर्गाला सांगत होते, "याला सरंजामशाही म्हणतात. आता लिहून घ्यायची गरज न्हाय."

खोटं कशाला सांगू, 'मध्ययुगीन युरोप' हा पेपर मी काही हौसेनं घेतला नव्हता. दुसरा पेपर दुपारी असायचा आणि दुपारी मला घरी जाऊन काज-बटणं करावी लागायची. माझे आप्पा शाळेचे गणवेश शिवायचे. शाळा उघडायच्या आधीचे तीन महिने आमच्या घरात माणसं कमी आणि निळ्या चड्ड्या जास्त. म्हणून सकाळचा युरोप. बाकीच्यांचीही तीच कथा, कुणाची एसटी चुकत होती, कुणाला दूध घालायला जायचं होतं. आमच्यातलं कुणी पुण्याच्या पलीकडं गेलेलं नव्हतं आणि हा माणूस आम्हाला थेट पोपच्या दारात नेऊन उभा करायचा.

सर रोज अक्कलकोटहून एसटीनं यायचे. घरी कानडी, वर्गात मराठी आणि चिडले की दोन्ही. सोलापूरच्या एप्रिलमध्ये, जेव्हा रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तेव्हाही यांच्या गळ्यात लोकरीचा मफलर. सिद्धारामनं एकदा धीर करून विचारलं, सर, गरम होत नाही का? "मी जिथं असतो तिथं थंडी असते," एवढंच म्हणाले. ही थट्टा होती की खरंच त्यांना तसं वाटायचं, आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

पिशवीत कायम एक स्टीलचा डबा. त्यात कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगाची चटणी. शिकवता शिकवता खायचे. कुळांचा धडा आला तेव्हा त्यांनी तो डबा सगळ्या वर्गात फिरवला, पण चटणी काढून घेतली. कोरडा तुकडा चावायचा, चावताना बोलायचं नाही. निम्म्या वर्गाला ठसका लागला. सर म्हणाले, असलं खाऊन ती माणसं दुसऱ्याचं शेत नांगरायची, त्यांच्याकडं शेंगाची चटणी असती तर धर्मयुद्धाला कशाला गेली असती? असला इतिहास. प्राचार्यांना हे बिलकूल पसंत नव्हतं. नोट्स द्यायचे नाहीत, परीक्षेत काय येईल ते सांगायचे नाहीत, निकाल बेताचाच. पण सरांचा तास कुणी बुडवायचं नाही.

प्लेगच्या तासाला तर त्यांनी आमची दातखीळ बसवली. बाकावर बसलेल्या दर तिसऱ्या पोराला उठवून वर्गाबाहेर काढलं. मग हजेरी घेतली. बाहेर काढलेल्यांचेही नंबर पुकारले आणि प्रत्येक नंबरानंतर थांबले. 'हजर' म्हणायला कुणी नव्हतं. माझ्या शेजारची जागा रिकामी, पुढची रिकामी. सहाव्या-सातव्या नंबराला मागच्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली, करोनात तिच्या घरातली दोन माणसं गेली होती. सरांनी तिच्याकडं पाहिलं, पण थांबले नाहीत, यादी संपेपर्यंत पुकारत राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला. आणि तरी घरी जाताना वाटत होतं की बाकीच्या सगळ्या मास्तरांनी या माणसाच्या घरी पाणी भरावं.

राजे, पोप, चेटकिणी, आम्ही कशालाही हसलो की त्यांचं एक बोलणं ठरलेलं. "हसू नका. ती माणसं येडी न्हवती. तुमच्याइतकीच शहाणी होती." हे म्हणताना ते स्वतः कधी हसायचे नाहीत.

आणि मग बहिष्काराचा तास. युरोपात चर्चनं एखाद्याला बाहेर काढलं की घंटा वाजवायची, पोथी मिटायची, मेणबत्ती जमिनीवर आपटून विझवायची. शिपायाकडून घंटा आणली, मेणबत्ती सरांनी स्वतः आणली होती. बहिष्कृत केलं सिद्धारामला, कारण वर्गात सगळ्यात जास्त तोंड त्याचं. तीन दिवस त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, पेन द्यायचं नाही, त्याच्याबरोबर डबा खायचा नाही. पहिल्या दिवशी पठ्ठ्या मजेत होता. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये एकटाच बसला आणि शिपायाला म्हणाला, मामा, काहीतरी बोला की. तिसऱ्या दिवशी तो आलाच नाही. चौथ्या दिवशी सरांनी त्याला दारातच मिठी मारली आणि वर्गाला म्हणाले, बघितलंत, मारलं न्हाय, कोंडलं न्हाय, फक्त बोलायचं बंद केलं. त्या तीन दिवसांत सगळ्यात कडक कोण वागलं असेल तर मी. तो समोरून आला की मी मान फिरवायची. मला वाटायचं काय छान जमतंय आपल्याला.

माझी ताई आदल्या वर्षी पुण्यात नोकरीला असताना रजिस्टर लग्न करून मोकळी झाली होती. मुलगा दुसऱ्या जातीचा. आम्ही गप्प राहिलो, नातेवाइकांत कुणाला पत्ता लागू दिला नाही. पण ताईला दिवस गेले, आईला ते पोटात ठेवता आलं नाही, आनंदाच्या भरात तिनं मावशीला सांगितलं आणि मावशीनं गावाला. आठवड्यात निरोप आला. समाजाचा स्नेहमेळावा आहे, सहकुटुंब या.

स्नेहमेळावा कसला, पंचायतच ती. माणसाला वाळीत टाकणं आता कायद्यानं गुन्हा आहे हे मला ठाऊक होतं, आणि पंचांना तर माझ्याहून जास्त ठाऊक होतं. म्हणूनच कागदावर काही लिहीत नाहीत, नाव स्नेहमेळावा आणि जेवायला जिलेबी. पाच गावांची पाच घराणी, त्यांचे पाच पंच. थोरला गेला की धाकटा, बाप गेला की लेक. मी आप्पांना म्हटलं, पोलिसांत जाऊ. आप्पा म्हणाले, पोलीस येतील आणि जातील, राहायचं आपल्याला हितंच हाय.

एका मंगल कार्यालयात बैठक होती. पुरुष आत, बायका मागच्या व्हरांड्यात, खिडकीपाशी. मी खिडकीतून आत पाहिलं. गादीवर गुलाबी फेटे बांधून पाच जण बसलेले आणि शेवटच्या फेट्याखाली आमचे सर.

मफलर नव्हता म्हणून की काय, आधी ओळखलंच नाही. मग ओळखलं आणि माझं डोकंच बंद पडलं. मला वाटलं माझं काहीतरी चुकतंय, सरांचा भाऊ असेल. आणि भाऊ होताच की, पण अंथरुणाला खिळलेला. त्याची जागा यांच्याकडं आली होती. सरांचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून जात कळायची नाही, आणि आम्हीही कधी विचारली नव्हती. सरांनी खिडकीकडं पाहिलं. मला पाहिलं. खाली बघितलं.

आप्पांना सांगण्यात आलं की मडकं फोडायचं आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, थोरली लेक आम्हाला मेली. एवढं म्हटलं की विषय मिटला. नाही म्हटलं तर जोवर म्हणत नाही तोवर बाहेर. आणि पोरीनं आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं तर कायमचं बाहेर. आई माझा दंड धरून उभी होती, तिची नखं मला रुतत होती. आप्पा हो म्हणेनात, नाही म्हणेनात, नुसते उभे. मग पंचांनी हात वर केले. एक, दोन, तीन, चार. पाचवा हात उशिरा उठला, तोही कोपरापर्यंतच. पण उठला.

संध्याकाळी आमचे चौघांचेही फोन वाजले. समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून आधी आप्पांना काढलं, मग आईला, मग मला, आणि शेवटी ताईला, जी त्या ग्रुपवर कधी एक अक्षर लिहीत नव्हती. बस, एवढंच. मडकी नाहीत, मेणबत्त्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून समोरच्या घरातल्या, आमच्याच समाजातल्या काकू, ज्यांच्याशी आई उंबऱ्यातून उंबऱ्यात बोलायची, त्या आईला पाहिलं की दार लावून घ्यायला लागल्या. मावशीनं फोन उचलायचं बंद केलं. गणवेशाचं गिऱ्हाईक येत होतं, पोटाला तोटा नव्हता. पण आई दिवसभर एकटी स्वयंपाकघरात बसून राहायची.

तिला एकच घोर. ताईची सासू लग्नाआधीच वारलेली. तिकडं करणारं बाईमाणूस कुणी नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे आणि माहेरचं दार बंद. "माझ्या लेकीला दवाखान्यातल्या परक्या आयांच्या हाती कशी सोडू?" आई विचारायची. आप्पा मशीनवर मान घालून बसायचे. एकदा मला म्हणाले, तुझंही लग्न व्हायचंय, म्हणून टाकू का ते एक वाक्य? तोंडानं म्हटल्यानं कुणी मरत नाही. मला भीती वाटत होती की हा माणूस एखाद्या दिवशी खरंच जाऊन म्हणून येईल.

आणि सोमवारी कॉलेज. सर आले, मफलर घातलेला, डबा घेतलेला, सगळं नेहमीसारखं. हजेरी घ्यायला लागले. माझ्या आधीचा नंबर झाला, माझ्या नंतरचा झाला. माझा घेतलाच नाही. मला वाटलं चुकून राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. नंतर मी मस्टर चोरून पाहिलं, रोज माझ्यासमोर हजेरी लावलेली होती. फक्त तोंडानं पुकारायचे नाहीत. पंच असल्यावर माझ्याशी बोलणार कसे? सिद्धारामनं विचारलं, काय केलंस गं तू, सर तुझा नंबर खातायत? त्याला काय सांगू? त्याला पाहून मान फिरवताना मला किती छान जमत होतं, ते सांगू?

तीन आठवडे मी हे सोसलं. मग एका तासाला पोप आणि राजाचं भांडण शिकवून झालं आणि सरांनी विचारलं, कुणाला शंका? मी उभी राहिले.

"सर, बहिष्कार टाकलेल्या माणसाशी कुणी बोललं, त्याच्याकडं अन्नपाणी घेतलं, तर त्याचं काय व्हायचं?"

वर्गाला काय कळणार, त्यांना वाटलं अभ्यासातलीच शंका. सर फळ्याकडं वळले. पाठ करूनच बोलले, वर्गाशी, माझ्याशी नाही.

"त्यालाबी तीच शिक्षा," ते म्हणाले. मग डबा उचलला आणि तास संपायच्या कितीतरी आधी निघून गेले. मला वाटलं, जिंकले. लगेच वाटलं, काय जिंकलीस, त्यांनी तर तुझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. ज्या सकाळी येतं त्या सकाळी सगळी गल्ली बाहेर असते, घागरी, पिंपं, पाइप आणि भांडणं. अशा एका सकाळी सर गल्लीत शिरले. मफलर, पिशवी, सगळ्या घागरी ओलांडत सरळ आमच्या दारात. मोठ्यांदा विचारलं, गणवेश शिवणाऱ्यांचं घर हेच ना? आणि पायरीवर बसले. समोरच्या काकूंच्या हातातला पाइप भलतीकडंच पाणी सोडत होता, त्यांना त्याचं भान नव्हतं.

"आक्का, चहा ठेवा की," सर आईला म्हणाले.

आप्पा बाहेर आले, हात जोडले, हळू आवाजात म्हणाले, तुम्हाला आमच्याकडचं चालायचं न्हाय. सर म्हणाले, मला काय चालतं ते मी बघतो, साखर जरा जास्त घाला. आईनं चहा केला. आणताना निम्मा चहा बशीतच सांडला. सरांनी कप घेतला आणि ओठाला लावणार तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग त्या दिवशी हात का वर केला, सर?"

आप्पांनी मला डोळ्यांनी दटावलं. सरांनी कप परत बशीत ठेवला.

"भ्यालो," ते म्हणाले. "तीस वर्षं भ्यालेल्या माणसांचा इतिहास शिकवला, आणि वेळ आल्यावर मीबी भ्यालो. पोरीची सुपारी फुटलीय माझ्या. पुढच्या महिन्यात लग्न हाय. सोयरे समाजातलेच."

असं म्हणून त्यांनी कप उचलला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा भुरका मारला. आप्पा म्हणाले, अहो सर, काय केलंत हे? सर म्हणाले, आता थोरलीला घेऊन या, उशीर करू नका. दुपारपर्यंत काकूंनी काम चोख बजावलं होतं. पंचालाच ग्रुपमधून काढलं, असं आमच्या समाजात कधी झालं नव्हतं. गादी गेली आणि आठवड्याच्या आत मुलीचं लग्नही मोडलं. आईनं ते ऐकून पदर डोळ्यांना लावला, पण त्याआधीच आप्पांनी ताईला फोन केला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी माझा नंबर पुकारला. खणखणीत. मला 'हजर' म्हणता आलं नाही, नुसता हात वर केला.

त्यानंतर मी सरांना अक्षरशः देव्हाऱ्यात बसवलं. भेटेल त्याला ही गोष्ट सांगायची. सिद्धारामला सांगितली तेव्हा तो पायऱ्यांवर बसून रडला. कँटीनमध्ये सांगितली, एसटीत सांगितली, पुण्याहून ताई आली तेव्हा तिला तर तीनदा सांगितली. दर वेळी मी त्या भुरक्यापाशी यायची आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. माझ्याही यायचा.

ताईला मुलगी झाली. सगळं नीट झालं, आईच्या हातचं झालं. बारशाला समाजातलं कुणी फिरकलं नाही, पण आमचा सगळा वर्ग आला. सिद्धारामनं कुंभारीहून पाळणा बांधायला दोर आणला. दुपारी सर आले, आणि त्यांच्यामागून त्यांची मुलगी. माझ्याच वयाची, किंवा एखाद्या वर्षानं मोठी. साधी साडी, हातात बाळासाठी शिवलेली कुंची. सर पोरांच्या घोळक्यात जाऊन बसले आणि युरोपातल्या कुठल्यातरी राजाच्या बारशाची गोष्ट सांगायला लागले. हशा पिकला.

मी तिला आतल्या खोलीत नेलं. गणवेशांचे गठ्ठे बाजूला सारून बसायला जागा केली. तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, तुझ्या वडिलांनी आमच्यासाठी जे केलं ते जन्मात विसरणार नाही, असा माणूस शोधून सापडायचा नाही. मला वाटलं ती रडेल, नाहीतर हसेल. तिनं हात सोडवून घेतले. रागानं नाही. हळूच.

"लग्न ठरवताना मला विचारलं न्हवतं," ती म्हणाली. "मोडतानाबी न्हाय विचारलं. सकाळी गेले, दुपारी येऊन सांगितलं, झालं म्हणून."

इतके महिने ही गोष्ट मी इतक्या जणांना सांगितली, आणि त्यात ही मुलगी होती कुठं? एका वाक्यात होती. 'मुलीचं लग्न मोडलं' एवढ्या वाक्यात. ते वाक्य मी सरांचं मोठेपण वाढवायला वापरत होते. तिचं नाव काय हेसुद्धा मी तोवर कुणाला विचारलं नव्हतं. माझ्या ताईला कुणी मेलेली म्हणू नये म्हणून आम्ही जीव टाकत होतो, आणि हिला आम्ही सगळ्यांनी मिळून जिवंतपणी गाळून टाकलं होतं. लाजेनं मला तिच्याकडं बघवेना. बाहेर सरांचा आवाज येत होता, तोच आवाज, ज्याच्यावर मी जीव ओवाळून टाकत होते, आणि आता तो मला ऐकवत नव्हता.

काहीतरी बोलायला हवं होतं. काय बोलायचं ते सुचेना म्हणून मी विचारलं, "तुला आवडला होता का तो?"

ती कुंचीची नाडी बोटाला गुंडाळत होती.

"व्हय," ती म्हणाली. "हे विचारणारी तूच पयली."

मग आईनं पाळण्यापाशी हाक मारली आणि ती माझ्या आधी उठून गेली.